इथेनॉल-मिश्रित इंधन व एंजिन-नियंत्रक

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारगाडीच्या एंजिनात प्रत्येक आवर्तनाला किती इंधन सोडावयाचे आणि ठिणगी कोणत्या क्षणी पाडावयाची हे एक लहान संगणक ठरवितो. त्याला एंजिन-नियंत्रक म्हणतात. पेट्रोलमध्ये इथेनॉल (एथिल अल्कोहॉल) मिसळले असता इंधनाचे गुणधर्म बदलतात आणि त्यामुळे नियंत्रकाच्या स्मृतीत साठविलेली कोष्टके व दुरुस्तीचे नियमही बदलावे लागतात. ह्या क्रियेला नियंत्रकाचे समायोजन म्हणतात. इंधनातील इथेनॉलचे घनफळाने असलेले शेकडा प्रमाण ‘ई’ ह्या अक्षरापुढे लिहिण्याचा प्रघात आहे. उदा., ई-२० म्हणजे शेकडा २० भाग इथेनॉल व ८० भाग पेट्रोल असलेले मिश्रण.

आधुनिक नियंत्रक इंधनातील फरक काही मर्यादेपर्यंत आपोआप सांभाळून घेतो. तथापि ही आपोआप होणारी दुरुस्ती आणि विशिष्ट इंधनासाठी हेतुपूर्वक केलेले समायोजन ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीमुळे हवा व इंधन यांचे प्रमाण कायम राखले जाते. इथेनॉलच्या अंगी असलेले गुण मात्र दुसरीमुळेच उपयोगात येतात. इंधनाच्या संपर्कात येणाऱ्या रबरी व धातूच्या भागांचा टिकाऊपणा ही तिसरी बाब असून ती संगणकाच्या कक्षेबाहेरची आहे. इथेनॉल-मिश्रित इंधनाविषयी वाहनमालकांत जो संभ्रम आढळतो, त्याचे मूळ बहुधा ह्या तीन बाबींची गल्लत होण्यात असते.

इंधनाचे गुणधर्म : पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे, तर इथेनॉल हे एकच संयुग असून त्याच्या वजनात सु. ३५ टक्के ऑक्सिजन असतो. जळण्यासाठी लागणाऱ्या ऑक्सिजनाचा काही भाग इंधनातच असल्याने त्याला हवा कमी लागते. १ किग्रॅ. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सु. १४.७ किग्रॅ. हवा लागते, १ किग्रॅ. इथेनॉलला सु. ९ किग्रॅ. पुरते. ई-२० साठी हे प्रमाण सु. १३.५ व ई-८५ साठी सु. ९.८ इतके येते. एंजिनात येणारी हवा तितकीच राहिली, तर तिच्याबरोबर सोडावयाच्या इंधनाचे घनफळ पेट्रोलच्या तुलनेने ई-१० च्या बाबतीत सु. ४ टक्के, ई-२० च्या बाबतीत ७ ते ८ टक्के, ई-८५ च्या बाबतीत सु. ४२ टक्के आणि शुद्ध इथेनॉलच्या बाबतीत सु. ५४ टक्के वाढवावे लागते.

इथेनॉलच्या ज्वलनाने मिळणारी उष्णता दर किग्रॅ. ला सु. २७ मेगॅजूल, तर पेट्रोलची सु. ४३ मेगॅजूल आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सु. दोन-तृतीयांश ऊर्जा असते. ई-२० च्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सु. ७ टक्के ऊर्जा कमी भरते. मात्र एंजिनाची शक्ती मुख्यतः त्यात किती हवा शिरते ह्यावर अवलंबून असते. १ किग्रॅ. हवेमागे मिळणारी उष्णता काढल्यास ती दोन्ही इंधनांच्या बाबतीत जवळजवळ सारखीच, म्हणजे २.९ ते ३ मेगॅजूल, येते. त्यामुळे इथेनॉलने गाडीची शक्ती घटते हा समज बरोबर नाही. घटते ते एका लिटरमध्ये कापले जाणारे अंतर होय.

इथेनॉलचे आणखी तीन गुणधर्म समायोजनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. त्याची बाष्पनाची सुप्त उष्णता पेट्रोलच्या अडीच पटींच्या आसपास असल्यामुळे सिलिंडरात शिरणारे मिश्रण अधिक थंड होते. त्याचा ऑक्टेन अंक (संशोधन पद्धतीने) १०८ च्या आसपास आहे, म्हणजे ते आघाती ज्वलनाला चांगला प्रतिकार करते. त्याचा उत्कलनबिंदू ७८° से. हा एकच ठराविक आहे. पेट्रोलमध्ये असतात तसे कमी तापमानालाच वाफ होणारे हलके घटक त्यात नसतात. पहिल्या दोन गुणधर्मांचा फायदा घेता येतो, तिसरा मात्र थंड हवेत अडचण निर्माण करतो.

नियंत्रकाचे कार्य : नियंत्रक हा सूक्ष्मप्रक्रियक असलेला संगणक आहे. भुजादंडाची गती, आदान नळीतील हवेचा दाब अथवा वस्तुमान, पाण्याचे व हवेचे तापमान, चालकाने दाबलेल्या पायपट्टीची स्थिती इत्यादींची माहिती त्याला संवेदकांकडून मिळते. त्याच्या स्मृतीत एंजिनाची गती व भार यांनुसार मांडलेली कोष्टके असतात. कोष्टकातील आकड्यांवरून तो विद्युत् अंतःक्षेपकाची झडप किती मिलिसेकंद उघडी ठेवावयाची हे ठरवितो. अंतःक्षेपकातून बाहेर पडणाऱ्या इंधनाचे घटक त्याला ठाऊक नसतात. त्याला माहीत असतो तो केवळ काळ. म्हणून कोष्टके पेट्रोलवर आधारलेली असली आणि टाकीत ई-२० असले, तर तितक्याच काळात मिळणारे इंधन हवेच्या मानाने कमी पडते व मिश्रण विरळ होते.

ही उणीव ऑक्सिजन-संवेदकामुळे लक्षात येते. झिर्कोनियम ऑक्साइडाचा हा संवेदक निष्कास नळीत बसविलेला असतो व जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन शिल्लक आहे की नाही ते दाखवितो. स्वीडनच्या व्हॉल्व्हो कंपनीने १९७६ मध्ये अमेरिकेत विकावयाच्या गाड्यांत जर्मनीच्या बॉश कंपनीचा असा संवेदक त्रिमार्गी उत्प्रेरक परिवर्तकासह प्रथम वापरला. संवेदकाचा संकेत पाहून नियंत्रक इंधन किंचित वाढवितो वा घटवितो आणि मिश्रण आदर्श प्रमाणाभोवती राखतो. परिणाम पाहून कारणात दुरुस्ती करण्याच्या ह्या पद्धतीला पुनःप्रदाय म्हणतात.

ऑक्सिजन-संवेदक हवा व इंधन यांच्या वजनांचे गुणोत्तर मोजीत नाही. ज्वलनास आवश्यक त्यापेक्षा हवा कमी आहे की जास्त, एवढेच तो दाखवितो. प्रत्यक्ष हवा व आवश्यक हवा यांच्या गुणोत्तराला लॅम्डा म्हणतात. लॅम्डा १ असताना मिश्रण आदर्श असते, मग इंधन पेट्रोल असो वा इथेनॉल. कार्यशाळेतील कित्येक मापक लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा दाखवितात. अशा मापकावर इथेनॉलचे आदर्श मिश्रणही १४.७ असेच दिसते, जरी प्रत्यक्षात ते ९ असले तरी. म्हणून इथेनॉलसाठी समायोजन करताना लॅम्डा हेच परिमाण वापरणे सोयीचे ठरते.

आपोआप होणारी दुरुस्ती व तिची मर्यादा : पुनःप्रदायाने होणारी दुरुस्ती दोन पातळ्यांवर होते. तात्कालिक दुरुस्ती क्षणोक्षणी बदलत राहते. ती बराच वेळ एकाच दिशेने झुकलेली आढळल्यास नियंत्रक तिचा सरासरी भाग दीर्घकालीन दुरुस्ती म्हणून स्मृतीत नोंदवितो. पुष्कळ गाड्यांत ह्या दुरुस्तीची मर्यादा अधिक-उणे २५ टक्क्यांच्या आसपास ठेवलेली असते. ई-२० ला लागणारी ७-८ टक्क्यांची वाढ ह्या मर्यादेत सहज बसते. ऑक्सिजन-संवेदक असलेल्या गाडीत ई-२० भरल्यावर एंजिन सुरळीत चालते ते ह्यामुळेच. ह्याउलट, अशा गाडीत ई-८५ भरले, तर ४२ टक्क्यांची गरज असताना २५ टक्क्यांवर दुरुस्ती थांबते. मिश्रण सु. १४ टक्के विरळ राहते, एंजिन अडखळते आणि दोषदर्शक दिवा लागतो.

ई-२० च्या बाबतीतही ही दुरुस्ती सर्व परिस्थितींत उपलब्ध नसते. थंड एंजिन सुरू झाल्यावर संवेदक तापेपर्यंत पुनःप्रदाय बंद असतो. पायपट्टी पूर्ण दाबलेली असताना अनेक नियंत्रक लॅम्डा १ चे बंधन सोडून मिश्रण मुद्दाम समृद्ध करतात. जास्तीचे इंधन बाष्परूप होताना निष्कास झडपा व परिवर्तक थंड राखते, हा त्यामागील हेतू असतो. ह्या अवस्थेत दीर्घकालीन दुरुस्ती लागू केली जात नसेल, तर १० ते १५ टक्क्यांच्या समृद्धीपैकी निम्मी किंवा त्याहून अधिक ई-२० मुळे नाहीशी होते. इथेनॉलच्या थंड करण्याच्या गुणामुळे धोका काहीसा कमी होतो हे खरे. परंतु ही भरपाई योगायोगाची असते, नियोजित नसते.

आपोआप होणाऱ्या दुरुस्तीतील दुसरी उणीव अशी की, ती फक्त इंधनाचे परिमाण सुधारते. ठिणगीच्या वेळेचे कोष्टक जसेच्या तसे राहते. ऑक्टेन अंक वाढला तरी नियंत्रकाला त्याची खबर नसते. परिणामी लिटरमागे ऊर्जा कमी मिळते आणि अधिक कार्यक्षमतेने ती भरून काढण्याची संधीही वाया जाते.

इथेनॉलचे प्रमाण ओळखणे : कोणत्याही प्रमाणातील मिश्रणावर चालणाऱ्या गाडीला लवचिक-इंधन वाहन म्हणतात. तिच्या नियंत्रकाला टाकीतील इथेनॉलचे प्रमाण कळणे आवश्यक असते, कारण ते दर भरणीला बदलते. टाकीत १० लिटर ई-२० शिल्लक असताना ३० लिटर ई-८५ भरले, तर मिश्रणात सु. ६९ टक्के इथेनॉल होते. शिवाय नावाप्रमाणे प्रमाण असतेच असे नाही. अमेरिकेत ई-८५ ह्या नावाने विकल्या जाणाऱ्या इंधनात ऋतुमान व प्रदेश यांनुसार ५१ ते ८३ टक्के इथेनॉल असू शकते.

प्रमाण ओळखण्याच्या दोन रीती आहेत. पहिली प्रत्यक्ष मापनाची. धारित्राच्या पट्ट्यांमध्ये एखादा पदार्थ भरल्यास त्याची धारणा जितक्या पटींनी वाढते, ती पट पेट्रोलसाठी सु. २ व इथेनॉलसाठी सु. २५ असते. इंधनाच्या नळीत बसविलेला संवेदक ह्या मोठ्या फरकावरून इथेनॉलचे प्रमाण काढतो. एका प्रचलित प्रकारात तो शुद्ध पेट्रोलला दर सेकंदास ५० व शुद्ध इथेनॉलला १५० स्पंद पाठवितो, आणि स्पंदाच्या रुंदीवरून इंधनाचे तापमान कळते. पाण्याची धारणा-पट इथेनॉलच्याही तिप्पट असल्याने इंधनात पाणी शिरल्यास वाचन बिघडते; पण त्यामुळेच भेसळीची सूचनाही मिळू शकते.

दुसरी रीत अनुमानाची आहे. तीत वेगळा संवेदक नसतो. ऑक्सिजन-संवेदकावरून किती दुरुस्ती करावी लागली ते पाहून नियंत्रक इथेनॉलचे प्रमाण ठरवितो. ही रीत स्वस्त आहे, पण तीत एक मूलभूत संदिग्धता आहे. मिश्रण विरळ झाले ते इथेनॉल वाढल्यामुळे, की अंतःक्षेपक चोंदल्यामुळे, की आदान नळीत कोठेतरी हवा शिरत असल्यामुळे, हे संवेदक सांगू शकत नाही. ह्यावरचा तोडगा साधा आहे. इंधन बदलण्याचा संभव टाकी भरली जाते तेव्हाच असतो. म्हणून इंधनपातळी वाढल्याचे दिसले, तरच नियंत्रक त्यानंतरच्या काही काळात आढळलेला बदल इथेनॉलच्या खाती मांडतो. एरवी आढळलेला बदल यंत्रातील दोष मानला जातो. नळीत उरलेले जुने इंधन संपून नवे एंजिनापर्यंत पोहोचण्यास लागणारा अवधीही हिशेबात धरावा लागतो. थोडे थोडे इंधन भरण्याची सवय असल्यास, किंवा पातळीदर्शक बिघडल्यास, अनुमान चुकू शकते.

समायोजनाची अंगे : (१) इंधनाचे परिमाण. प्रमाण कळल्यावर अंतःक्षेपणाचा काळ त्या मानाने वाढविला जातो. परंतु झडपेला तेवढा अवकाश मिळतो की नाही हे पाहावे लागते. चार धावांच्या एंजिनाचे एक आवर्तन भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होते. मिनिटाला ६,००० फेरे असताना त्यास २० मिलिसेकंद लागतात. पूर्ण भारावर पेट्रोलसाठी झडप १२ मिलिसेकंद उघडी राहत असेल व त्यांतील १ मिलिसेकंद झडप उघडण्याच्या विलंबात जात असेल, तर ई-८५ साठी हा काळ सु. १६.७ मिलिसेकंद होतो. म्हणजे उपलब्ध काळाच्या ८३ टक्के. अंतःक्षेपकाचे नियमन ८०-८५ टक्क्यांपर्यंतच विश्वसनीय राहते. ह्यापुढे मोठे अंतःक्षेपक व अधिक क्षमतेचा पंप बसविण्यावाचून गत्यंतर नसते. आकडे बदलून छिद्राचा आकार वाढत नाही.

(२) ठिणगीची वेळ. दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी काही अंश ठिणगी पाडली जाते. ती जितकी आधी, तितका सिलिंडरातील दाब एका मर्यादेपर्यंत वाढतो. मोठ्या भारावर मात्र ठिणगी फार आधी पाडल्यास न जळलेले मिश्रण एकदम पेटून आघाती ज्वलन होते. ह्यालाच व्यवहारात नॉकिंग म्हणतात. इथेनॉलचे प्रमाण वाढेल तशी ठिणगी त्या इंधनाला इष्ट असलेल्या क्षणापर्यंत पुढे आणता येते. एंजिनाच्या ठोकळ्यावरील दाबविद्युत् संवेदक आघाती ज्वलन ऐकून ठिणगी मागे सारतो. परंतु बहुतेक नियंत्रकांत तो मूळ कोष्टकापासून मागे जातो, कोष्टकापलीकडे पुढे जात नाही. म्हणून मूळ कोष्टक ९१ ऑक्टेन अंकाच्या पेट्रोलसाठी बनविले असेल, तर ९५ अंकाच्या ई-२० चा लाभ त्याला मिळत नाही. पूर्ण लाभासाठी संपीडन गुणोत्तरही वाढवावे लागते व ते एंजिनाच्या रचनेतच ठरलेले असते.

(३) थंड एंजिन सुरू करणे. सु. १३° से. च्या खाली शुद्ध इथेनॉलची पेट घेण्याजोगी वाफ होत नाही. ह्यासाठी सुरुवातीच्या क्षणी पुष्कळ अधिक इंधन सोडणे, अंतःक्षेपकांना इंधन पुरविणाऱ्या नळीत तापक बसविणे, किंवा पेट्रोलची वेगळी छोटी टाकी ठेवणे, असे उपाय करतात. जास्तीचे न जळलेले इंधन सिलिंडराच्या भिंतीवरून ओघळून वंगण तेलात मिसळते. त्यामुळे ही वाढ तापमानानुसार जपून ठरवावी लागते. भारताच्या बहुतेक भागांतील हवामानात ई-२० बाबत ही अडचण जाणवत नाही. कमी प्रमाणातील इथेनॉल उलट मिश्रणाचा बाष्पदाब वाढविते, व कडक उन्हाळ्यात टाकीतील बाष्पाची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेवर अधिक भार येतो.

(४) संक्रमणावस्था. पायपट्टी एकदम दाबली असता सोडलेल्या इंधनाचा काही भाग आदान नळीच्या भिंतीवर पातळ थराच्या रूपाने राहतो. इथेनॉलला बाष्परूप होण्यास अधिक उष्णता लागत असल्याने हा थर जाड होतो व तेवढे इंधन क्षणभर कमी पडते. वेग वाढविताना गाडी दचके देते त्याचे कारण बहुधा हेच असते. अशा वेळी द्यावयाच्या जादा इंधनाचे कोष्टक वेगळे करावे लागते.

समायोजनाचे काम शक्तिमापकावर केले जाते. एंजिन ठराविक गतीवर व भारावर स्थिर ठेवून ठिणगी अंशाअंशाने पुढे आणतात आणि पीळ, निष्कास वायूचे तापमान, लॅम्डा व आघाती ज्वलन यांची नोंद घेतात. गती व भार यांच्या प्रत्येक जोडीसाठी हे करावे लागते. साधारणपणे पेट्रोल आणि अधिकतम इथेनॉल यांच्यासाठी दोन संपूर्ण कोष्टके तयार करून मधल्या मिश्रणांसाठी त्यांच्यामधील आकडे काढतात. इंधनाचे परिमाण जवळजवळ सम प्रमाणात बदलते. ठिणगीचे तसे नाही. पहिल्या २०-३० टक्क्यांत आघाती ज्वलनाचा प्रतिकार झपाट्याने वाढतो व पुढे वाढीचा वेग मंदावतो. म्हणून मधल्या मिश्रणांचीही चाचणी आवश्यक ठरते. शेवटी शीतकक्षात व रस्त्यावर परीक्षा होते आणि निष्कास वायूतील प्रदूषके मोजली जातात. इथेनॉलमुळे कार्बन मोनॉक्साइड घटते, पण ॲसिटाल्डिहाइड वाढते. मिश्रण विरळ राहिल्यास नायट्रोजन ऑक्साइडेही वाढू शकतात.

ब्राझीलमधील अनुभव : ह्या तंत्राचा सर्वांत दीर्घ अनुभव ब्राझीलला आहे. खनिज तेलाच्या दरवाढीनंतर तेथील शासनाने नोव्हेंबर १९७५ मध्ये उसापासून इथेनॉल बनविण्याचा ‘प्रोआल्कूल’ हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. १९७९ मध्ये केवळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ ही गाडी बाजारात आली. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत अशा गाड्या बहुसंख्य होत्या. पुढे खनिज तेल स्वस्त झाले, साखरेचे भाव चढले आणि १९८९ मध्ये इथेनॉलची टंचाई झाली. ज्यांच्या गाड्या दुसऱ्या इंधनावर चालूच शकत नव्हत्या, त्यांची कुचंबणा झाली व इथेनॉलच्या गाड्यांवरील लोकांचा विश्वास उडाला.

तो परत आणला नियंत्रकाने. २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल ही लवचिक-इंधन गाडी आणली. तिच्यातील मॅग्नेटी मारेल्ली कंपनीच्या नियंत्रकात वर वर्णिलेली अनुमानाची रीत होती. निराळ्या इंधन-संवेदकाचा खर्च त्यामुळे वाचला. पंपावर ज्या दिवशी जे स्वस्त असेल ते भरण्याची मुभा ग्राहकाला मिळाली आणि थोड्याच वर्षांत तेथील बहुतेक नव्या मोटारगाड्या ह्या प्रकारच्या झाल्या. आरंभीच्या गाड्यांत थंडीसाठी पेट्रोलची छोटी टाकी असे. २००९ मध्ये इंधन तापविणाऱ्या यंत्रणेमुळे तिची गरज उरली नाही. साध्या पेट्रोलमधील सक्तीचे इथेनॉल २०१५ मध्ये २७ टक्के व ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के करण्यात आले.

अमेरिकेत १९८८ च्या पर्यायी मोटार-इंधन अधिनियमाने लवचिक-इंधन वाहने बनविणाऱ्यांना सवलती दिल्या व लक्षावधी वाहने तयार झाली. तथापि ई-८५ चे पंप मोजक्याच भागांत असल्याने त्यांपैकी पुष्कळशी नेहमीच्या पेट्रोलवरच चालत राहिली. यंत्र सिद्ध असले, तरी इंधनाचे वितरण व किंमत अनुकूल नसल्यास त्याचा उपयोग होत नाही, हे ह्यावरून दिसते.

भारतातील स्थिती : भारतात इथेनॉल-मिश्रित पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये महाराष्ट्रातील मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली येथे झाले. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २० टक्के मिश्रणासाठी २०३० हे वर्ष ठरले होते. पुढे ते २०२५-२६ असे अलीकडे आणण्यात आले. १० टक्क्यांची सरासरी जून २०२२ मध्ये गाठली गेली, ई-२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचे उद्दिष्ट साध्य झाले. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांशी जोडलेल्या आसवन्यांना व ऊस-उत्पादकांना ह्यामुळे मोठी बाजारपेठ मिळाली.

मिश्रणाचे प्रमाण असे थोड्या वर्षांत वाढले, पण रस्त्यावरील वाहने तितक्या वेगाने बदलली नाहीत. एप्रिल २०२३ पासून बनविलेली वाहने ई-२० ला अनुरूप आहेत. त्याआधीच्या वाहनांचे साधारणपणे दोन वर्ग पडतात. अंतःक्षेपण व ऑक्सिजन-संवेदक असलेल्या वाहनांचा नियंत्रक इंधनाचे परिमाण सांभाळून घेतो, पण ठिणगीचे कोष्टक जुन्याच इंधनाचे राहते. कार्ब्युरेटरच्या वाहनांत संगणकच नसतो. तेथे इंधन ठराविक छिद्रातून येते आणि ई-२० वर मिश्रण कायमचे विरळ राहते. देशातील नोंदणीकृत वाहनांपैकी सु. तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत व भारत स्टेज-६ मानके एप्रिल २०२० मध्ये लागू होईपर्यंत त्यांतील बहुतेकांत कार्ब्युरेटरच होता. अशा वाहनात विरळ मिश्रणावर उपाय म्हणजे इंधनाचे छिद्र, म्हणजेच जेट, मोठे करणे हाच होय.

नीती आयोगाच्या २०२१ मधील अहवालात इंधनक्षमतेतील घटीचे अंदाज दिले आहेत. शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या व ई-१० साठी समायोजित केलेल्या चारचाकी गाड्यांत ई-२० मुळे ६-७ टक्के, तशाच दुचाकींत ३-४ टक्के, तर ई-१० साठी बनविलेल्या व ई-२० साठी समायोजित केलेल्या चारचाकी गाड्यांत १-२ टक्के घट होईल असे त्यात म्हटले आहे. पहिल्या व शेवटच्या आकड्यांतील अंतर समायोजनाचे व एंजिनाच्या अनुरूप रचनेचे मोल दाखविते. इंधन तेच असले, तरी जुन्या गाडीच्या मालकाला त्याची किंमत अधिक मोजावी लागते. २०२५ मध्ये अनेक वाहनमालकांनी ह्याविषयी तक्रारी केल्या. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

संगणकाच्या कक्षेबाहेरील बाबी : इथेनॉलमुळे काही प्रकारचे रबर फुगते वा कडक होते. ते हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेल्यास इथेनॉल व पाणी यांचा थर पेट्रोलपासून अलग होऊन टाकीच्या तळाशी बसतो व गंज धरतो. बराच काळ उभ्या राहणाऱ्या वाहनात हा धोका अधिक असतो. ह्यावर सुयोग्य रबर, लेप दिलेली टाकी व गंजरोधक रसायने हेच उपाय आहेत. नियंत्रकात कितीही फेरफार केले, तरी जुनी नळी टिकाऊ होत नाही.

खाजगी कार्यशाळांतून नियंत्रकाची स्मृती पुन्हा लिहून देण्याचा, किंवा अंतःक्षेपकाच्या तारेत जोडपेटी बसवून स्पंद लांबविण्याचा व्यवसाय चालतो. जोडपेटीच्या बाबतीत हे लक्षात घ्यावे लागते की, पुनःप्रदाय चालू असताना मूळ नियंत्रक तिने वाढविलेले इंधन पुन्हा कमी करून टाकतो. म्हणून ई-२० साठी अशी पेटी बसविल्याने सामान्य वेगाने जाताना काहीच फरक पडत नाही. इंधन मोजण्याची साधने, शक्तिमापक व एंजिनाची मूळ कोष्टके यांवाचून केलेले पुनर्लेखन दट्ट्या व परिवर्तक यांना घातक ठरू शकते. एकाच मिश्रणासाठी ठिणगी पुढे आणून ठेवली आणि नंतर टाकीत कमी इथेनॉलचे इंधन पडले, तर आघाती ज्वलन ठरलेलेच. शिवाय उत्पादकाच्या मूळ विनिर्देशात बदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत, आणि हमीवरही परिणाम होतो.

ज्या गाड्यांत ऑक्सिजन-संवेदक व पुनर्लेखनयोग्य स्मृती आहे, त्यांच्यासाठी उत्पादकाने स्वतः तपासलेली ई-२० ची कोष्टके सेवाकेंद्रातून उपलब्ध करून देणे तांत्रिक दृष्ट्या शक्य असते. पूर्वीच्या काळी इंधन बदलले की मिस्तरी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून मिश्रण जुळवीत असे. नियंत्रकाने ते काम स्वतःकडे घेतले व पुष्कळ अचूक केले. पण त्याबरोबरच ते वाहनमालकाच्या व गावच्या मिस्तरीच्या हातून काढूनही घेतले. इंधनात बदल करण्याचा निर्णय सार्वजनिक असतो, कोष्टकांची किल्ली मात्र उत्पादकाकडे असते. जुन्या वाहनांचा प्रश्न ह्या दोहोंच्या मेळातूनच सुटू शकतो.